राजदूतचा चिमटा : जुन्या मोटारसायकलींच्या पुढील सस्पेन्शनमधील बदल आणि यंत्र-इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना

माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगड येथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. पारी कुपार लिंगो यांनी गुहेत कोंडल्या गेलेल्या कली कंकालीच्या मुलांना येथून मुक्त केले, अशी समाजाची श्रद्धा आहे. हावडा-मुंबई लोहमार्गावरील दरेकसा हे जवळचे स्थानक. तेथून धनेगावपर्यंत वाहनाने यावे लागते आणि पुढे गुहेपर्यंतची चढण पायी चढावी लागते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणातून भाविक येत असल्याने यात्रेच्या दिवसांत धनेगावच्या मोकळ्या शेतांमध्ये वाहनांची दाटी होते. इतिहासाच्या अध्यापकाने अशा ठिकाणी लोकपरंपरेचा अभ्यास करावा अशी अपेक्षा असते. प्रस्तुत लेखकाचे लक्ष मात्र एका यात्रेत त्या शेतात उभ्या असलेल्या एका जुन्या राजदूत मोटारसायकलीकडे वेधले गेले.

ती राजदूत तिच्या आरंभीच्या पिढीतील होती. टाकीचा आकार, मागील मडगार्डची वळणे आणि इंजिनाची ठेवण यावरून ते स्पष्ट होत होते. परंतु तिचा पुढचा भाग तिचा नव्हता. मूळच्या जाडजूड, दोन बाजूंना शॉकअब्सॉर्बर असलेल्या चिमट्याच्या जागी नंतरच्या काळातील एका शंभर सीसी मोटारसायकलीचे सडपातळ टेलिस्कोपिक फोर्क बसविलेले होते. हेडलाइट धरणाऱ्या पट्ट्या हाताने कापून वेल्ड केलेल्या होत्या. जुन्या वाहनांचा शहरी संग्राहक अशा गाडीला 'बिघडवलेली' म्हणेल. प्रस्तुत लेखाचे म्हणणे वेगळे आहे. पुढील चिमट्यातील असा बदल हा त्या यंत्राच्या इतिहासाचा भाग असून पूर्व विदर्भासारख्या प्रदेशात तो अनेकदा एकमेव शिल्लक पुरावा असतो. तो दुरुस्तीच्या नावाखाली पुसून टाकण्यापूर्वी त्याची नोंद होणे आवश्यक आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा. 'सस्पेन्शन'साठी पारिभाषिक कोशांत 'निलंबन' हा शब्द सापडतो. परंतु महाविद्यालयीन वाचकांच्या मनात तो शब्द वेगळीच धडकी भरवीत असल्याने येथे तो टाळला आहे. सायकलीच्या पुढील दुशाखी भागाला मराठीत 'चिमटा' म्हणतात आणि जुने मिस्त्री मोटारसायकलीलाही तोच शब्द लावतात. येथेही तोच स्वीकारला आहे. नंतरच्या नळीच्या रचनेला कारागिरांच्या बोलीत 'शॉकअप' म्हटले जाते.

गर्डर ते टेलिस्कोप : एक वाकडी रेषा

मोटारसायकलीचा चिमटा एकाच वेळी तीन कामे करतो. तो चाक धरतो, गाडीला दिशा देतो आणि रस्त्याचे धक्के झेलतो. ब्रेक लावला असता गाडीचे बरेचसे वजन पुढे येऊन याच भागावर पडते. त्यामुळे इंजिनातील दोष गाडीला थांबवितो, तर चिमट्यातील दोष चालकाला पाडतो, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

पहिल्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत 'गर्डर' पद्धतीचा चिमटा सर्वत्र रूढ होता. यात चाक धरणारी ताठ चौकट चार आडव्या खिळींवर फिरणाऱ्या दुव्यांनी गाडीच्या मानेशी जोडलेली असे आणि मध्यभागी एक मोठी स्प्रिंग असे. स्प्रिंगचे हेलकावे जिरविण्यासाठी घर्षणाच्या चकत्या असत. त्या हाताने आवळायच्या वा सैल करायच्या. चाकाची वरखाली हालचाल दोन-तीन इंचांपुरती मर्यादित असे. खिळी व त्यांचे बुश यांना वेळोवेळी ग्रीस न मिळाल्यास ती झिजत आणि चाक डुलू लागे.

एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, आत स्प्रिंग आणि तेल, ही टेलिस्कोपिक कल्पना नवीन नव्हती. यॉर्कशरमधील आल्फ्रेड अँगस स्कॉट यांच्या १९०८ च्या मोटारसायकलीत सरकत्या नळ्यांचा चिमटा होता. डेन्मार्कच्या निंबस कंपनीने १९३४ मध्ये टेलिस्कोपिक चिमटा वापरला. तेलाच्या साहाय्याने हेलकावे जिरविणारा असा चिमटा नियमित उत्पादनात आणण्याचे श्रेय १९३५ च्या बीएमडब्ल्यू आर-१२ व आर-१७ या गाड्यांना दिले जाते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने मोठ्या प्रमाणावर वापरलेल्या बीएसए एम-२० आणि नॉर्टन १६-एच या गाड्या गर्डरवरच धावल्या. एकट्या एम-२० ची निर्मिती एक लाखाहून अधिक झाली. मॅचलेस जी-३/एल ही गाडी मात्र १९४१ पासून 'टेलिड्रॉलिक' नावाचे टेलिस्कोपिक फोर्क घेऊन आली. युद्ध संपताच ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन यांनी टेलिस्कोप स्वीकारला. अमेरिकेत हार्ले डेव्हिडसनने १९४९ मध्ये 'हायड्रा-ग्लाइड' आणली.

येथवरची हकिकत प्रगतीच्या सरळ रेषेसारखी वाटते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा रेषेविषयी साशंक असावे. इंग्लंडच्या व्हिन्सेंट कंपनीने १९४८ मध्ये, सर्व जग टेलिस्कोपकडे वळत असताना, 'गर्ड्रॉलिक' नावाचा तेलयुक्त गर्डर चिमटा काढला. टेलिस्कोपची नळी ब्रेकच्या ताणाखाली वाकते आणि गाडी पुढे झुकते, हा आक्षेप निराधार नव्हता. त्याहून लक्षणीय गोष्ट म्हणजे टेलिस्कोपची जनक मानली जाणारी बीएमडब्ल्यूच १९५५ मध्ये तो सोडून 'अर्ल्स' पद्धतीच्या चिमट्याकडे गेली आणि १९६९ पर्यंत त्यावर राहिली. अर्नी अर्ल्स यांच्या या रचनेत चाकाच्या मागे खिळीवर झुलणारी एक लांब भुजा आणि तिला तोलणारे दोन शॉकअब्सॉर्बर असतात. ब्रेक लावल्यावर गाडी पुढे झुकत नाही. साइडकार जोडलेल्या गाडीस ती विशेष मानवते. तिचा दोष म्हणजे वजन, आणि तेही स्टिअरिंगच्या अक्षापासून दूर असल्याने हँडल जड होते.

म्हणजेच 'जुना चिमटा काढून नवा बसविणे' याला सुधारणा म्हणावे की तडजोड, हे त्या गाडीने कोणत्या रस्त्यावर, किती ओझे घेऊन, किती वेगाने धावायचे आहे यावर ठरते.

भारतीय रस्त्यावर

भारतात १९५५ मध्ये मद्रास येथे एनफील्ड इंडियाची स्थापना होऊन बुलेट ३५० तयार होऊ लागली. १९६० च्या दशकाच्या आरंभी म्हैसूर येथे आयडियल जावाचा कारखाना उभा राहिला. मुंबईत जावा गाड्यांची आयात करणाऱ्या इराणी कुटुंबाने तो उभारला होता. त्याच सुमारास फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीच्या परवान्यावर १७५ सीसीची राजदूत बाजारात आणली. बुलेट आणि जावा दोन्ही टेलिस्कोपवर होत्या. राजदूत मात्र अर्ल्सशी नाते सांगणारा, पुढे रेटलेल्या झुलत्या भुजेचा चिमटा घेऊन आली. पुढे राजदूतलाही टेलिस्कोपिक फोर्क आले. कारखान्याने केलेला हा बदल आणि गावच्या मिस्त्रीने जुन्या गाडीवर केलेला बदल यांची दिशा एकच आहे. फक्त एकाची नोंद कंपनीच्या पुस्तिकेत झाली व दुसऱ्याची कोठेच नाही.

ग्रामीण भागात राजदूतला जे स्थान मिळाले ते बुलेटला क्वचितच मिळाले. दूधवाले, तेंदूपानाच्या फडीवरील मुनशी, धान गिरणीचे दलाल, प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक ही तिची माणसे. दरेकसा परिसरात रेल्वे फार पूर्वी पोहोचली होती. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज मार्ग १८८० च्या दशकात राजनांदगावपर्यंत गेला व १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर केले. डोंगर पोखरून बोगदा झाला. परंतु स्थानकावर उतरल्यानंतर गावापर्यंतची वाट दीर्घकाळ बैलगाडीचीच राहिली. दुचाकीच्या पुढच्या चाकाने ओळखलेला पूर्व विदर्भ म्हणजे चाकोऱ्या, मुरूम, पावसाळ्यातील नाले आणि धानाच्या बांध्यांवरील अरुंद वाट. रेल्वेच्या नकाशावरून या प्रदेशाच्या दळणवळणाचा इतिहास लिहिणाऱ्यांना हा भाग दिसत नाही.

अशा वाटेवर झुलत्या भुजेचा चिमटा मजबूत ठरला, पण त्याचे बुश धूळ व चिखलाने झिजत. मूळ सुटे भाग मिळणे कठीण झाले की मिस्त्री लेथवर ब्राँझचे बुश करून घेत. तेही झिजले की चाक डावी-उजवीकडे डुलू लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यात भारतात जपानी सहकार्याच्या शंभर सीसी गाड्यांची लाट आली. इंड-सुझुकी १९८४ मध्ये, हिरो होंडा सीडी-१०० व यामाहा आरएक्स-१०० दोन्ही १९८५ मध्ये, त्यानंतर पुण्याच्या बजाज ऑटोची कावासाकी गाडी. काही वर्षांनी यांपैकी अपघातग्रस्त वा भंगारातील गाड्यांचे शॉकअप स्वस्तात मिळू लागले. जुन्या राजदूतवर ते चढविण्याचा व्यवहार त्यानंतरचा असणार, हे सुट्या भागांच्या वयावरूनच अनुमानता येते. पुरातत्त्वज्ञ ज्याप्रमाणे थरातील सर्वांत अलीकडच्या नाण्यावरून त्या थराची कालमर्यादा ठरवितो, त्याप्रमाणे गाडीवरील परक्या भागावरून दुरुस्तीची कालमर्यादा ठरविता येते.

हा बदल वाटतो तितका सोपा नाही. स्टिअरिंगचा उभा दांडा, ज्याला कारागीर 'टी' म्हणतात, गाडीच्या मानेच्या लांबीशी जुळावा लागतो. न जुळल्यास एकाचा दांडा काढून दुसऱ्याच्या पट्टीत दाबून वेल्ड करावा लागतो. कोनसेट आणि छर्रे जुळवावे लागतात. आसाची जाडी वेगळी असल्यास चाकात बाही घालावी लागते. सर्वांत नाजूक प्रश्न ब्रेकचा. ड्रमब्रेकची पाटी चाकाबरोबर फिरू नये म्हणून ती चिमट्यावरील एका खुंटीत अडकविलेली असते. नव्या नळीवर ती खुंटी योग्य जागी नसेल आणि मिस्त्रीने तात्पुरती पट्टी मारली असेल, तर जोराने ब्रेक लावताच पाटी फिरून चाक जागीच जखडू शकते. अशी पट्टी नीट बसविणे हे कौशल्य होते आणि ते न जमणारे कारागीरही होते. 'देशी कल्पकता' म्हणून सरसकट गौरव करण्याचा मोह येथे आवरावा लागतो.

दुसरा प्रश्न भूमितीचा. गाडीच्या मानेची तिरपी रेषा खाली वाढविली असता ती जमिनीला चाकाच्या टेकण्याच्या बिंदूच्या पुढे स्पर्श करते. या दोन बिंदूंमधील अंतराला 'ट्रेल' म्हणतात. गाडी सरळ राहण्याची प्रवृत्ती यावर अवलंबून असते. उदाहरणादाखल, चाकाची त्रिज्या ३१० मि.मी., मानेचा उभ्या रेषेशी कोन २७ अंश आणि चिमट्याचा पुढे काढलेला भाग ६० मि.मी. असेल तर ट्रेल सुमारे ९० मि.मी. भरतो. आखूड शॉकअपमुळे १३०० मि.मी. चाकअंतराच्या त्याच गाडीची पुढची बाजू ३० मि.मी. खाली आली, तर कोन सव्वा अंशाने कमी होऊन ट्रेल ८२-८३ मि.मी. वर येतो. हँडल हलके होते, चिखलात वळवायला बरे वाटते. परंतु डांबरी रस्त्यावर वेग घेताच गाडी अस्थिर होऊ शकते. गावच्या मिस्त्रीने हे गणित कागदावर केले नाही. नळी पट्टीत थोडी वर-खाली सरकवून, गाडी चालवून पाहून त्याने तेच उत्तर शोधले. पट्टीपासून नळीचे टोक किती वर आले आहे हे आजही मोजता येते, म्हणजे त्याचे उत्तर गाडीवर लिहिलेले असते.

बुलेटच्या बाबतीत हा व्यवहार कमी दिसतो, त्यालाही तांत्रिक कारण आहे. रॉयल एनफील्डने १९५४ पासून हेडलाइटचे घर आणि चिमट्याची वरची पट्टी एकाच ओतीव भागात आणली. फोर्कच्या नळ्या थेट त्या भागात आटे देऊन बसतात. परके शॉकअप बसवायचे तर बुलेटचा चेहराच काढावा लागतो. त्यामुळे बुलेटवाला शक्यतो आतला स्प्रिंग आणि तेल बदलतो. याउलट उदाहरण राजदूत ३५० चे. यामाहा आरडी ३५० च्या आधारे एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आणलेल्या या गाडीला मूळ जपानी गाडीचा पुढील डिस्कब्रेक न देता ड्रमब्रेक देण्यात आला. त्या वेगवान गाडीचे चाहते आज डिस्कसह संपूर्ण पुढचा भाग बदलतात. येथे बदलाचे कारण रस्ता नसून वेग आहे, आणि करणारा वर्गही वेगळा आहे.

एका राजदूतची हकिकत

येथे लेखकास वैयक्तिक अनुभव नमूद करणे भाग आहे, कारण या विषयाकडे वळण्याचे कारण तोच होय. लेखकाचे मामा दरेकसा परिसरातील एका गावी प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्याकडे १९६८ ची, दुसऱ्या हाताने घेतलेली राजदूत होती. ती गाडी भंडाऱ्याची. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. एमएच-३५ हा क्रमांक त्यानंतरचा. शाळेत पगारपत्रके, पुस्तकांचे गठ्ठे, निवडणुकीच्या वेळी मतपेट्यांसोबतचे कर्मचारी, आणि एकदा प्रसूत होऊ घातलेली स्त्री, असे सर्व काही त्या गाडीवरून गेल्याचे मामा सांगत. १९९० च्या दशकात केव्हातरी तिचा मूळ चिमटा जाऊन टेलिस्कोपिक शॉकअप आले होते. डाव्या नळीवर मिस्त्रीने मध्यपंचाने तीन ठिपके मारले होते. डाव्या-उजव्या नळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून असावेत. ब्रेकच्या पाटीसाठी बैलगाडीच्या धावेच्या लोखंडातून कापल्यासारखी दिसणारी एक जाड पट्टी होती.

मामांच्या पश्चात ती गाडी लेखकाकडे आली. एका शहरातील जुन्या वाहनांच्या कार्यशाळेत ती 'मूळ स्वरूपात' आणण्यासाठी दिली. त्यांनी दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या राजदूतचा झुलत्या भुजेचा चिमटा मिळवून बसविला, रंग दिला, क्रोम केला. काम उत्तम झाले. गाडी ताब्यात घेताना जुन्या शॉकअपविषयी विचारले, तेव्हा ते भंगारात गेल्याचे कळले. कार्यशाळेचा यात दोष नाही. लेखकाने आधी सांगितले नव्हते, कारण त्या वेळी त्यालाही ते भंगारच वाटले होते. एम.फिल.साठी दप्तरखान्यातील जीर्ण कागद हातमोजे घालून उलटणाऱ्या माणसाने हे करावे, याची खंत अजून जात नाही. आज त्या दुरुस्तीचा पुरावा म्हणून तीन छायाचित्रे उरली आहेत आणि त्यांपैकी एकातही ती पट्टी दिसत नाही.

अशा रीतीने ती गाडी आता 'अस्सल' आहे. तिच्यावर एका अनोळखी गाडीचा चिमटा आहे, ज्याने मामांचा एकही प्रवास पाहिलेला नाही. आणि ज्या चिमट्याने ते पाहिले तो वितळून गेला आहे.

'मूळ स्वरूप' : कायद्याची व्याख्या आणि इतिहासाची

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चॅसिस, बॉडी वा इंजिनात बदल करणारी मोठी फेररचना न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने यात येतात. नव्या नोंदणीस २०,००० रुपये व पुनर्नोंदणीस ५,००० रुपये शुल्क असून नोंदणी १० वर्षांसाठी असते. पूर्वीच नोंदणी असलेल्या वाहनास आपला जुना क्रमांक राखता येतो. नव्या नोंदणीत 'व्हीए' ही अक्षरे येतात. असे वाहन नियमित वा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल अशा कारणांपुरतीच मुभा आहे. या व्याख्येनुसार १९८३ ची राजदूत ३५० २०३३ पूर्वी विंटेज ठरणार नाही.

या तरतुदीचे स्वागतच करावयास हवे; २०२१ मध्येच जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाच्या पार्श्वभूमीवर तर निश्चितच. परंतु नियमाच्या वर्णनात चिमट्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. तो चॅसिसचा भाग मानावा की चाकासारखा बदलता येणारा भाग, हे तपासणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून राहते. अशा अनिश्चिततेत मालक साहजिकच सुरक्षित मार्ग निवडतो आणि कारखान्याच्या चित्राशी जुळणारे भाग जमवितो. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ ही बदलांविषयीची सर्वसाधारण तरतूद आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ लावताना निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलास मनाई असल्याचे स्पष्ट केले. सुरक्षेच्या दृष्टीने त्यामागील भूमिका समजण्यासारखी आहे. वर वर्णिलेली ब्रेकच्या पाटीची गोष्ट आठवली तरी पुरे.

प्रश्न कायद्याने चूक केली हा नाही. कायद्याची 'मूळ' ही कल्पना कारखान्याच्या दारापाशी थांबते. त्या दारातून बाहेर पडल्यानंतरची पन्नास वर्षे तिच्या लेखी केवळ झीज आहेत. इतिहासलेखनात आपण असे करीत नाही. एखाद्या मंदिरावर यादवकालीन पायाच्या वर मराठेकालीन शिखर असेल, तर शिखर पाडून पाया 'मूळ' करावा असे कोणी म्हणत नाही. हस्तलिखिताच्या समासात नंतरच्या वाचकाने केलेल्या टिपा संपादक पुसत नाही, त्या स्वतंत्रपणे छापतो. यंत्राच्या बाबतीत मात्र आपण समास खरवडून काढतो आणि त्याला जतन म्हणतो.

यात एक सामाजिक अंगही आहे. कारखान्याचा इतिहास कागदावर आहे. माहितीपुस्तिका, जाहिराती, परवान्याचे करार कोणत्या ना कोणत्या दप्तरात सापडतात. गावच्या मिस्त्रीने काहीही लिहून ठेवलेले नाही. नोंदणी पुस्तिकेत इंजिन व चॅसिसचे क्रमांक असतात, चिमट्याचा नसतो. म्हणजे सरकारी दप्तरातही त्याच्या कामाचा मागमूस नाही. त्याचे लेखन म्हणजे ते तीन ठिपके आणि ती जाड पट्टी. ज्या समाजांचा इतिहास लिखित साधनांत अल्प आहे, त्यांच्या बाबतीत आपण मौखिक परंपरेला साधन मानावयास शिकलो. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी गोंडी परंपरेबाबत केलेले काम त्याचे उदाहरण होय. वस्तूवरील कारागिराच्या खुणांनाही ती प्रतिष्ठा मिळावयास हवी.

बदल करावयाचाच असेल तर

जुनी गाडी केवळ काचेत ठेवावी असा येथे आग्रह नाही. चालविणाऱ्याचा जीव मोलाचा आहे आणि जुन्या चिमट्यात सुधारणेस पुष्कळ वाव आहे. मात्र ती बहुतेक वेळा आतून करता येते. जुन्या टेलिस्कोपमध्ये तेल एका ठराविक छिद्रातून ढकलले जाते. छिद्राचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने संथ उंचसखल भागावर गाडी डुलते आणि अचानक आलेल्या खड्ड्यात तोच फोर्क दगडासारखा ताठ होतो. तेलाचा दाटपणा बदलल्यास एक दोष कमी होऊन दुसरा वाढतो. आज नळीच्या आत बसणाऱ्या स्प्रिंगदार झडपा मिळतात. त्या जास्त वेगात उघडतात आणि हा पेच बराचसा सोडवितात. बाहेरून गाडी बदलत नाही आणि झडप केव्हाही काढता येते. चालकाच्या वजनाला साजेशी स्प्रिंग, ताजे तेल, चांगले सील, धुळीपासून नळी वाचविणारे रबरी कव्हर आणि छर्र्यांऐवजी रोलर बेअरिंग एवढ्यानेही जुनी गाडी ओळखू येणार नाही इतकी सुधारते. गाडीवर बसल्यावर फोर्क एकूण हालचालीच्या पाव ते तीस टक्के दबला पाहिजे, ही साधी कसोटी टेपने घरीच तपासता येते.

संपूर्ण चिमटा बदलणे अपरिहार्य असेल तर मान कापू नये, चौकटीवर वेल्डिंग करू नये, काढलेला भाग चिठ्ठी बांधून ठेवावा. बदलण्यापूर्वी नळीचा व्यास, पट्टीवरील उंची, खुणा, जोडपट्ट्या यांची मापे व छायाचित्रे घ्यावीत. शक्य असल्यास काम करणाऱ्या मिस्त्रीचे वय, त्याने काम कोठे शिकले, भाग कोठून आणला हे विचारून लिहून ठेवावे. आपल्या महाविद्यालयांतील पदवीच्या विद्यार्थ्यांना स्थानिक इतिहासाचा प्रकल्प म्हणून हे सहज देता येईल. गॅरेज प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे आणि दप्तरखान्यासारखी परवानगीची वाट पाहावी लागत नाही. ज्या पिढीने हे काम केले ते मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत.

धनेगावच्या शेतातील त्या राजदूतचा मालक यात्रेहून सायंकाळी खाली उतरला. राजनांदगावकडील एका खेड्यातील वयस्कर शेतकरी. त्याच्या परवानगीने लेखकाने मापे घेतली. ब्रेकच्या पाटीची खुंटी पक्की होती, वेल्ड स्वच्छ होता. शहरात अशा गाड्यांना मूळ चिमटा लावला तर बरी किंमत येते, हे त्याला ठाऊक होते. तसे कोणी विचारूनही गेले होते. जुना चिमटा आहे का, असे विचारले असता तो म्हणाला की आहे, घरी माळ्यावर तेल लावून गोणपाटात गुंडाळून ठेवला आहे. शॉकअप कधी गेले तर लागेल.